शेवटच्या कडव्यातली पौर्णिमा

रोहण्याच्या चिंधू थूलला मुलगी झाली ती ऐन पौर्णिमेच्या दिवशी, म्हणून नाव शोधत बसायची गरज पडली नाही. पोरगी धडधाकट होती, अभ्यासात तेज होती, पण गळा म्हणाल तर पत्र्यावरून काठी ओढल्यासारखा. गावातल्या विहारात जयंतीची गाणी बसवायचं काम तिच्या आत्याकडे, जिजाबाईकडे होतं. जिजाबाईनं पहिल्याच दिवशी भाचीचा आवाज ऐकला आणि तिला खांद्याला धरून शेवटच्या रांगेत नेऊन उभं केलं.

"तू अठी उभी राय. तोंड हालवजो, आवाज नको काढजो."

दुसरी एखादी पोर रडत घरी गेली असती. पौर्णिमा मागं उभी राहिली आणि तोंड हलवत राहिली. गायचं काम नसल्यामुळे ती ऐकत राही. ऐकता ऐकता तिच्या ध्यानात आलं की एका ओळीशी आल्यावर सगळ्या पोरी धापा टाकतात. ओळ होती, 'ज्ञानाचा उजेड सर्वत्र पसरे'. त्या 'सर्वत्र'पाशी जीभ अडखळायची आणि ढोलकी पुढे निघून जायची. चार दिवस तिनं ते सहन केलं. पाचव्या दिवशी मागूनच म्हणाली, "आत्या, ते 'सर्वत्र' काढून टाक ना. 'घरोघरी' म्हण. दम पुरते."

जिजाबाईनं डोळे वटारले. पण तिनं म्हणून पाहिलं, पोरींकडून म्हणवून घेतलं, आणि ओळ पाण्यासारखी वाहत गेली. त्या दिवसापासून पौर्णिमा मागच्या रांगेतून निघून आत्याच्या शेजारी बसायला लागली. गावात तिला 'शब्द देणारी पोट्टी' म्हणू लागले.

लग्न होऊन ती वर्ध्याला पुलफैल नावाच्या वस्तीत आली. नवरा प्रेमदास ताकसांडे जिनिंग प्रेसमध्ये फिटर होता. शांत माणूस. बायको पोळ्या लाटता लाटता बोटांनी पोळपाटावर ठेका धरते, मध्येच थांबून पुटपुटते, हे त्यानं पहिल्या आठवड्यातच पाहिलं आणि आईला सांगून टाकलं, "तिले तसं येते. घाबरू नको."

वस्तीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. कोणाच्या मुलाचं नामकरण, कोणाच्या घराची वास्तू, कोणी गुरुजी निवृत्त झाले, की बायका यायच्या. "पौर्णिमाबाई, चार ओळी द्या ना." तीही देई. तोवर एके दिवशी दारात नत्थूजी नगराळे येऊन उभे राहिले.

नत्थूजींना त्या काळी देवळीपासून हिंगणघाटपर्यंत ओळखत नाही असा माणूस नव्हता. 'नत्थूजी नगराळे आणि पार्टी' असा बोर्ड लागला की मंडपात जागा मिळत नसे. खडा आवाज, हार्मोनियमवर उडणारी बोटं, आणि सामन्यात समोरच्या पार्टीला गप्प करायची कला. सामना म्हणजे दोन गायन पार्ट्या समोरासमोर बसतात, एक जण गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. नत्थूजींचा आवाज कोणी हरवू शकत नव्हतं, पण जवाब लिहून देणारा त्यांचा जुना कवी वारला होता.

"बाई," ते खाटेवर बसत म्हणाले, "मले शब्द पायजे. तुमच्या आत्यानं सांगतलं, पोरीचा गळा बेकार आहे पण कान सोन्याचा आहे."

पौर्णिमा हसली. तिनं त्यांना तीन जवाब लिहून दिले. ते घेऊन नत्थूजी गेले आणि पुढच्याच आठवड्यात मिठाईचा पुडा घेऊन परत आले. त्या दिवशी त्यांनी तिला एक रिवाज शिकवला.

"शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव टाकायचं असते, बाई. तुमी टाकलं नाई. नाव नसलं तं गाणं बेवारस होते. कोणीबी उचलून नेते."

तेव्हापासून ती टाकू लागली. 'पौर्णिमा बोले', 'पौर्णिमा म्हणे', जिथं जसं बसेल तसं. मांडवात बसून स्वतःचं नाव नत्थूजींच्या खड्या आवाजात ऐकताना तिच्या अंगावर काटा यायचा. ज्या पोरीला तोंड हलवायला सांगितलं होतं, तिचं नाव चार गावांना ऐकू जात होतं.

तिच्या ज्या गाण्यानं पुढं नाव काढलं, ते तिच्या मायचं गाणं होतं. तिची माय निरक्षर. एकदा आर्वीच्या स्टँडवर तिनं एका माणसाला विचारलं, "भाऊ, रोहण्याची गाडी कोणती?" त्या माणसानं गंमत म्हणून भलतीच गाडी दाखवली. माय अंधार पडताना कुठल्या तरी परक्या गावात उतरली आणि कडेवर लेकरू घेऊन चालत निघाली. ही गोष्ट ती कधी रडून सांगत नसे, नुसती सांगे. पुढं पौर्णिमा शाळेत जायला लागली. त्याच स्टँडवर एकदा ती म्हणाली, "माय, हे पाय, रोहणा लिहिलं आहे." माय लगेच गाडीत चढली नाही. त्या पाटीकडं पाहत उभी राहिली. मागून कंडक्टर ओरडला तेव्हा कुठं तिचा पाय उचलला.

त्याचं पौर्णिमानं गाणं केलं:

वाच व पोरी, गाडीवरचं गाव,
कोणाले पुसू मी, तूच सांग नाव.

चार कडवी झाली. शेवटचं कडवं तिनं असं लिहिलं:

पौर्णिमा सांगे, अंधार सरला,
मायच्या डोळ्यात उजेड भरला.

नत्थूजींनी ते पहिल्यांदा सेलूजवळच्या एका गावात म्हटलं, तर बायकांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. मग नागपूरच्या एका कॅसेटवाल्यानं त्यांना बोलावून घेतलं. कॅसेट निघाली. ती लग्नात वाजली, जयंतीत वाजली, पानठेल्यावर वाजली. साक्षरतेच्या वर्गांतून बायका ते गाणं म्हणू लागल्या. कॅसेटच्या कागदावर नत्थूजींचा फोटो होता, गीतकाराच्या जागी काहीच नव्हतं. प्रेमदासनं ते उलटून पालटून पाहिलं आणि म्हणाला, "तुह्यं नाव नाई व यात."

"कागदावर नसलं तं नसलं," पौर्णिमा म्हणाली. "गाण्यात तं आहे. कागद फाटते."

आणि ती त्यातच समाधानी राहिली. वर्षं गेली. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या, गाणी फोनमध्ये जाऊन बसली. तिचं लिहिणं चालूच होतं. एकदा केळझरहून चंद्रभान नावाचे एक शेतकरी विचारत विचारत आले. तिथल्या भजनी मंडळाला गणपतीवर नवं गाणं हवं होतं.

"चंद्रभानजी, मी बौद्ध आहो," तिनं सरळ सांगितलं. "देवावर मी लिहीत नाई. मनात नसताना लिहिलं तं ते गाण्यात दिसते."

चंद्रभाननी चहा संपवला. कप खाली ठेवून म्हणाले, "खरं आहे तुमचं. मंग असं करा, आमच्या बायकोच्या बचत गटाले एक गाणं द्या. त्याईच्या मीटिंगा लय रुक्ष होते." तिनं दिलं. तेव्हापासून दरवर्षी तूर निघाली की त्यांच्याकडून डाळीची एक पिशवी येते, आणि पिशवीसोबत बचत गटाची एखादी नवी फर्माईशही.

असं सगळं सुखानं चाललेलं असताना तीन वर्षांमागं ती प्रेमदाससोबत पुलगावला एका लग्नाला गेली. जेवणं झाल्यावर बायका सावलीत बसल्या होत्या. शेजारी यवतमाळकडची अन्नपूर्णा नावाची बाई होती, नवरीची मावशी. विडा लावता लावता ती गुणगुणत होती, 'वाच व पोरी, गाडीवरचं गाव'. पौर्णिमाला आनंद झाला. तिनं सहज विचारलं, "कुठं शिकल्या हे गाणं?"

"हे तं जुनं गाणं आहे. आमच्याकडं पौर्णिमेच्या दिवशी विहारात म्हणतेत."

"पौर्णिमेलेच काऊन?"

"त्यात आहे ना, 'पौर्णिमा सांगे अंधार सरला'. चांद सांगते बायायले, का आता उजेड झाला."

पौर्णिमाच्या हातातला विडा हातातच राहिला. "चांद नाई," ती हळू म्हणाली. "ते लिहिणारीचं नाव असंन."

अन्नपूर्णा मोकळेपणानं हसली. "लिहिणारी कोण राहीन बाप्पा? असे गाणे कोणी लिहीत नसते. ते असतेच."

त्या बाईचा काही दोष नव्हता. बोलण्यात मायाच होती. पण पौर्णिमाचं मन पुन्हा लग्नात लागलं नाही. गाडीत प्रेमदासनं दोनदा विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. प्रेमदासला आधी हसू आलं. "म्हंजे इतके वर्षं लोकं तुले चांद समजून राह्यले?" मग त्यानं बायकोचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

तिला लागलं होतं ते वेगळंच. नाव गाळलं असतं, दुसऱ्याचं घातलं असतं, तर भांडता आलं असतं. इथं नाव जागच्या जागी होतं. हजार तोंडांनी लोक ते म्हणत होते, आणि कोणालाही ती दिसत नव्हती. पुढचे काही महिने तिनं लिहिलंच नाही. बायका यायच्या, ती म्हणायची, "आता सुचत नाई." वस्तीला वाटलं, वय झालं. प्रेमदासला माहीत होतं, वय नाही. पोळपाटावरचा ठेका बंद झालेला त्यालाच ऐकू येत होता.

शेवटी त्यानंच म्हटलं, "नत्थूजीकडं जाऊन ये. त्यायच्या तोंडून गेलं गाणं. त्यायले इचार."

नत्थूजी आता देवळीला नातीकडं राहत. आवाज बसला होता, गुडघे गेले होते, पण हार्मोनियम उशाशी होती. नात आकांक्षा शाळेत शिकवायची आणि सुट्टीत बायकांची गायन पार्टी चालवायची. आजोबांचा आवाज तिच्याकडं आला होता. पौर्णिमानं पुलगावची हकीकत सांगितली. आकांक्षा ऐकत होती. नत्थूजी मान हलवत होते आणि, नवल म्हणजे, गालात हसत होते.

"ते मीच केलं, बाई," ते म्हणाले.

"काय केलं?"

"नागपूरले रेकॉर्डिंगच्या दिवशी तो क्यासेटवाला म्हणे, शेवटचं कडवं काढा. गाणारा माणूस अन् सांगणारी बाई, बाईचं नाव चालत नाई बाजारात. मी म्हटलं, कोणती बाई? पौर्णिमा म्हंजे चांद. पुढं अंधार सरला म्हटलं आहे ना. तो खुश. म्हणे, वा, काय कल्पना आहे. कडवं वाचलं." त्यांनी मांडीवर थाप मारली. "नाईतं तवाच कापलं असतं."

खरंच होतं. या म्हाताऱ्यानं हुशारी केली नसती, तर तिचं नाव त्या दिवशीच फितीवरून कापलं गेलं असतं. पण काही तरी खुपत होतं.

"क्यासेटवाल्याले सांगतलं ते समजलं," ती म्हणाली. "पण स्टेजवर तुमाले लोकं विचारत असन. त्यायले काय सांगतलं?"

नत्थूजींचं हसू विरलं. "तेच."

"काऊन?"

"लोकायले आवडे, बाई. चांद म्हटलं का टाळ्या पडत."

"मंडपातल्या बायायले काऊन नाई सांगतलं, नत्थूजी? त्या तं बाजार नव्हत्या."

सामन्यात कधीही न अडलेला तो माणूस हार्मोनियमच्या पट्ट्यांकडं पाहत राहिला. "याचा जवाब नाई माह्यापाशी," तो म्हणाला.

आकांक्षाच तापली. ती म्हणाली, मी आजच फोनवर सगळं टाकते, ज्यांनी ज्यांनी हे गाणं 'पारंपरिक' म्हणून लावलं आहे त्यांना एकेकाला गाठते. पौर्णिमानं तिला थांबवलं. विचारून झालं होतं, जवाब नाही हाही एक जवाबच होता, आणि तिला एकदम हलकं वाटत होतं.

"भांडून काय होते पोरी," ती म्हणाली. "मी गवंड्याच्या वस्तीत राह्यते. भिंत वाकडी झाली का तो भिंतीवर ओरडत नाई, ओळंबा लावते. कडवं माहं चुकलं. 'पौर्णिमा सांगे, अंधार सरला' असं लिहिल्यावर कोणालेबी चांदच दिसन. मीच दुरुस्त करते."

घरी येऊन तिनं पोळपाट मांडला. कितीतरी महिन्यांनी बोटं चालू झाली. आडनाव घालून पाहिलं, बसेना. प्रेमदास दारात कांदे निवडत होता. तो म्हणाला, "ताकसांडे नको टाकू. गाणं ताकात पडते." तिनं 'चिंधूची लेक' करून पाहिलं, 'रोहण्याची पोर' करून पाहिलं. वाईट नव्हतं, पण तोंडात घोळत नव्हतं. दोन-तीन दिवस असेच गेले.

मग एका दुपारी आर्वीकडच्या एका बाईचा फोन आला. आवाज नीट येत नव्हता.

"कोण बोलता जी?"

"पौर्णिमा."

"कोणती पौर्णिमा?"

"पुलफैलची पौर्णिमा," ती ओरडून म्हणाली, आणि समोरची बाई पुढं काय बोलते ते न ऐकताच तिनं फोन ठेवून दिला. पाच मिनिटांत आकांक्षाला फोन गेला. "लिहून घे. कडव्याच्या आधी ढोलकी थांबवायची. तू म्हणजो, 'पौर्णिमा सांगे'. मागून कोरसनं विचारायचं, 'कोणती व पौर्णिमा?' मंग सगळ्यायनं मिळून, 'पुलफैलची पौर्णिमा'. अन् मंग अंधार सरला."

आकांक्षानं तिथल्या तिथं म्हणून पाहिलं. फोनमधून हसण्याचा आवाज आला, आणि त्यामागं एक घोगरा आवाज. नत्थूजी नातीला काही सांगत होते. आकांक्षा परत फोनवर आली. "आबा म्हणते, 'कोणती' हे त्यायले इचारू द्या."

एप्रिलमध्ये रोहण्याला जयंतीचा कार्यक्रम झाला. विहारापुढं मंडप होता. आकांक्षाची पार्टी बसली होती, सगळ्या बाया, आणि त्यांच्यात एका खुर्चीवर पांढरी टोपी घातलेले नत्थूजी. गाणं सगळ्यांना पाठ होतं, लोक पहिल्या ओळीपासून सोबत म्हणत होते. शेवटच्या कडव्याशी ढोलकी थांबली आणि लोक गडबडले. त्या शांततेत नत्थूजींनी मान वर केली आणि फाटलेल्या पण अजून सुरात असलेल्या आवाजात विचारलं, "कोणती व पौर्णिमा?"

बायांनी उत्तर दिलं. आकांक्षानं हात करून पुढच्या रांगेत बसलेल्या पौर्णिमाला उठवलं. मंडपात क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "अवं, हे तं चिंधूची पोरगी," आणि हसू, टाळ्या, कुजबुज सगळं एकदमच उठलं. लोकांनी ते कडवं पुन्हा म्हणायला लावलं. नत्थूजींनी पुन्हा विचारलं. या वेळी उत्तर मंडपानं दिलं.

कार्यक्रमानंतर ते काठी टेकत तिच्याजवळ आले. "सापडला जवाब," एवढंच म्हणाले. तिनं त्यांना हात धरून जेवायला नेलं.

आकांक्षानं ते गाणं फोनवर टाकलं, खाली लिहिलं, 'गीत: पौर्णिमा ताकसांडे, पुलफैल, वर्धा'. जुनी रूपंही अजून फिरतात, त्यांत चांदच आहे, आणि पौर्णिमा त्यांच्या मागं लागत नाही. पण आता नव्या पोरी ते गाणं म्हणतात तेव्हा कोरसला सवाल विचारायला मजा येते म्हणून नवं कडवंच उचलतात. फोन येतात. कोणी गडचिरोलीची नर्स, कोणी अमरावतीची बँकेतली बाई. काही जणींना गाणं हवं असतं, काही जणींना नुसतं विचारायचं असतं की हे लिहितात कसं. अशांना ती शनिवारी दुपारी घरी बोलावते. चार-पाच जणी येतात, चटईवर बसतात, एकमेकींच्या ओळी म्हणून पाहतात आणि दम कुठं तुटतो ते बोटांवर मोजतात.

परवा आकांक्षानं नवं काम दिलं. पन्नाशीच्या सासूबाई स्कूटी शिकतात, सून मागं धावते, असं गाणं हवं. पहिली ओळ पौर्णिमाला लगेच आली, दुसरी अडली. स्कूटी उभी राहिली की सासूबाईंचे दोन्ही पाय कसे खाली येतात, ते तिला एका ओळीत पकडायचं होतं.

"लोंबकळते म्हण," प्रेमदास म्हणाला. तो आता निवृत्त आहे आणि सल्ले फुकट देतो.

"लय जड आहे ते. ठेक्यात नाई येत."

प्रेमदासनं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, खुर्चीवर जरा पुढं सरकला, हँडल धरल्यासारखे हात केले आणि दोन्ही पाय जमिनीच्या वर हलवून पाहिले. "पाय भुई शोधते," तो म्हणाला.

पौर्णिमानं पोळपाटावर बोटं वाजवली, ओळ पुटपुटली, पुन्हा पुटपुटली. बसत होती.

"अजी, चहा ठेवता का," ती म्हणाली, आणि तिसऱ्या ओळीला लागली.